चारपेडी वेणी

आईची पिशवी न्यायला मी राहुरीला गेले, तेव्हा एक अनोळखी माणूस आईची वेणी घालत होता.

म्हणजे केस एका लहान मुलीचे होते... पण पद्धत आईची. चार पेड, लाल रिबिनीचं टोक आत दुमडलेलं, आणि शेवटी डोक्यावर हलकीशी टपली – झालं, पळ. शाळा संपेपर्यंत ती टपली मी रोज खाल्ली होती. जगात ती फक्त माझी आहे, अशी माझी समजूत होती.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी एका संस्थेनं चालवलेली ती शाळा. कारखाना जवळच, गाळपाच्या दिवसांत अंगणात काजळी भुरभुरत असते आणि हवेत मळीचा आंबूस वास. आया अंधारातच ऊस तोडायला जातात. मुलींचे केस विंचरायला मागे कुणी उरत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर आई दर रविवारी नगरहून एसटीनं इथे यायची. मी तेव्हा पुण्यात होते. श्रावणात ती गेली, आणि मी नगरच्या घरी राहायला आले. ती नसलेल्या घरी.

"तुम्ही निकिता," तो माणूस पालथ्या बादलीवरून न उठता म्हणाला. उठता आलंही नसतं. त्याच्या हातात आता दुसऱ्या मुलीचे केस होते. "मी अमृत. कृषी विद्यापीठात असतो. रविवारी इथे."

"तिथेही वेण्या घालता?"

"डाळिंबाची कलमं बांधतो. बाई म्हणाल्या, कलम जमतं त्याला वेणी न जमायला काय झालं."

त्याच्यापुढे बसलेल्या मोनिकानं मान तिरकी करून मला न्याहाळलं. "दादा, ही आमच्या बाईंची पोरगी हाय?"

"व्हय."

"मग हिची वेनी कुठंय?"

माझे केस मानेपर्यंतच होते. नोकरी लागल्यावर कापले, तेव्हा आईनं तेलाची वाटी तेवढी उचलून आत ठेवली होती.

पिशवीत फण्या होत्या, तेलाची बाटली, रिबिनी. "मुलींना लागेल," म्हणून मी ती तिथेच ठेवली. म्हणजे पुन्हा यावं लागणार होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं.

मी येत राहिले. मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे आणि पुस्तकाच्या वरून त्याची बोटं पाहायचे. हेवा वाटायचा. आईचे सगळे रविवार त्याला मिळाले होते. मला रविवारचा फोन.

"बाई तुमच्याबद्दल सारखं बोलायच्या," चहाचा कप पुढे करत तो एकदा म्हणाला.

"काय?"

"की तुमच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. म्हणजे दोन लग्नं होणार."

"हे परक्या माणसाला सांगायची ती?"

"परका कुठे... मी विचारलंही होतं त्यांना, पहिल्यासाठी कुणी ठरलंय का."

मी चहावरच्या सायीकडे पाहत राहिले. "मग?"

"म्हणाल्या, तिलाच विचार. पण आधी भांडेल."

"मी भांडत नाही."

"हो ना. आल्यापासून बघतोय."

आणि मग ज्योती आली. नगरच्या डेंटल कॉलेजची, मुलांचे दात तपासायला. हसरी, केस कमरेच्या खाली. दुपारी ती सरळ अमृतच्या पुढ्यातल्या पाटावर जाऊन बसली.

"अमृत सर, आता माझा नंबर. या पोरी म्हणतात, तुमच्यासारखी वेणी कुणालाच येत नाही."

मी गोष्ट वाचत होते. कोल्हा विहिरीत पडला आणि तिथेच राहिला.

"ताई, म्होरं?" मुलं म्हणाली.

म्होरं त्याची बोटं तिच्या केसांतून फिरत होती. इतकी सावकाश कशाला? मोनिकाची वेणी तर झटक्यात होते. माझ्या आईचे चार पेड तिच्या पाठीवर उतरत होते, आणि ती खिदळत होती. आपण हेवा कुणाचा करतोय – त्याचा, की तिचा – ते मला धड कळेना.

शेवटी त्यानं रिबिनीचं टोक दुमडलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. "झालं. पळा."

ज्योती गेली. संध्याकाळी मुलंही आपापल्या झोपड्यांकडे, पाचटाच्या कोप्यांकडे परतली. मी खुंटीवरची पिशवी काढली.

"आज ही नेते. आईची आहे."

"न्या की." मग जरा थांबून, "राग कुणावर आहे?"

"तिनं तुम्हाला शिकवलं. आणि तुम्ही ते कुणालाही वाटत सुटलाय."

"त्याही वाटतच होत्या, निकिता."

"वेणी छान दिसत होती तिला," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्यानं पाट पुढे सरकवला. "बसा."

"माझे केस पुरणार नाहीत."

"चार पेड नाही होणार. तीन बघू."

मी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. त्यानं तळहातावर तेल घेतलं आणि आईचा वास आला. मी डोळे मिटले. त्याची बोटं माथ्यावर येऊन थांबली.

"दोनच आहेत भोवरे," तो हळूच म्हणाला. "खात्री करून घेतली."

मला हसू आलं... आणि त्याच्यामागून, श्रावणापासून न आलेलं रडू. त्याचे हात थांबले नाहीत. पेडावर पेड पडत राहिला. वेणी झाली ती बोटाएवढी. रिबिनीचं टोक आत गेलेलं मला मानेवर जाणवलं.

मी वाट पाहिली. टपली आली नाही.

"झाली ना?"

"झाली."

"मग टपली?"

बाहेरून उसाची बैलगाडी चालली होती. तिचे घुंगरू लांब गेले.

"ती 'पळ' म्हणायला असते," तो म्हणाला. "तुला नाही मारणार."

मांडीवरची पिशवी मी खाली ठेवली. उठले नाही.