निवासलेख

पडद्यावरचा तो ठिपका दर खेपेला पन्नास मिलिसेकंदच उजळत होता. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्याही शेजारचा. शर्वाणी केळुसकरने चित्रण संथ करून तीनदा मोजले. एकदाही फरक पडला नाही.

"हा तुमच्या चिपळूणच्या घराचा जिना," प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ पुष्कराज दिवेकर म्हणाला. "ही परसातली विहीर. ताई, दुपारी चाळीस मिनिटं झोपलात, तेवढ्यात दोनशे बारा वेळा गावात हिंडून आलात. तेही बिनतिकीट."

नॉर्वेतल्या बर्गनच्या या प्रयोगशाळेत असे अनेक जण येत. माणसे एका देशात राहून चार देशांत काम करू लागली, तेव्हा वर्षातले किती दिवस कुठे काढले यावरून कर ठरवणे निरर्थक झाले. आता मायदेशी आयकर विवरणपत्र भरताना 'परतण्याचा हेतू' सांगावा लागे आणि त्यावरून कर ठरे. सागरी प्रवाहांची अभ्यासक असलेली शर्वाणी अकरा वर्षे त्या रकान्यात 'आहे' लिहीत आली होती. यंदापासून सोबत मेंदूचा निवासलेख, म्हणजे झोपेत मेंदू कुठल्या वाटा चालतो याची नोंद, जोडणे सक्तीचे झाले होते.

त्या 'आहे'वर आणखी कुणीतरी विसंबून होते. धाकटी बहीण वैजयंती चिपळूणला वडिलांपाशी थांबली होती. तिच्या नवऱ्याची इंदूरला बदली होऊन दोन वर्षे झाली होती. ताई आली की ती जाणार होती.

"प्रत्येक जागेसाठी मेंदूत वेगळ्या स्थानपेशी असतात," पुष्कराज सांगू लागला. "चालताना त्या क्रमाने पेटतात. झोपेत पुन्हा पेटतात. क्रम उलटा असेल तर झालेल्या प्रवासाची उजळणी. सुलटा असेल तर पुढच्या प्रवासाची तयारी. कायद्याला सुलट वाटा हव्यात."

शर्वाणीचे निम्मेच लक्ष होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत अख्खे गाव होते. समुद्रात लाटेबरोबर सूक्ष्म जीव चमकत जावेत तसे विहिरीपासून जिन्यापर्यंतचे ठिपके पेटत होते. आपण हे सगळे आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरतो आहोत, याचे तिला नवल वाटले.

"मोज," ती अखेर म्हणाली.

"चिपळूणच्या वाटा दोनशे बारा. उलट दोनशे बारा."

"आणि सुलट?"

"एकही नाही."

"यंत्र तपासलंस?"

"दोनदा."

"अरे, मी मनापासून लिहीत होते!"

"असणारच. आठवण खरीच आहे तुमची, ताई. फक्त तिकडे जायची तयारी तुमचा मेंदू करत नाहीये."

पुष्कराजने बर्गनचा नकाशा उघडला. तिथल्या बहुतेक वाटा सुलट होत्या. एका वाटेवर तो अडखळला.

"हा तुमच्या इथल्या इमारतीचा जिना. गेल्या आठवड्यात मोजला तेव्हा चाळीस सेकंदांत चढलात. झोपेत सगळं वीसपट वेगाने धावतं, पण प्रमाण तेच राहतं. इथे मात्र दर चार पायऱ्यांना थांबा आहे. गुडघा धरलाय का?"

"नाही रे."

"कधी असं थांबत थांबत चढला होतात?"

"या जिन्यावर? कधीच नाही."

"मग ही आठवण नव्हेच. सुलट आहे, आणि एकतीस वेळा आहे. न झालेल्या गोष्टीची तालीम." त्याने तिच्याकडे पाहिले. "ताई, तुम्ही कुणाबरोबर चढताय?"

तिने पडद्यावर बोट ठेवले. चार ठिपके, मग अंधार. चार ठिपके, मग अंधार. गेल्या मे महिन्यात चिपळूणला बाबांचा हात धरून ती अशीच थांबली होती. चौथ्या पायरीवर त्यांना दम लागे.

बाबा कधी विमानात बसले नव्हते. त्यांना इथे आणावे असे जागेपणी तिच्या एकदाही मनात आले नव्हते. आणि झोपेत तिने त्यांना एकतीस वेळा वर आणले होते.

तिने तिथूनच फोन लावला.

"बोल गं," वैजयंती म्हणाली. "भरलास का फॉर्म? यंदाही 'आहे'च ना?"

"नाही."

"म्हणजे माझं इंदूर राहिलंच?"

"वैजू, मी परत येणार नाही. बाबांना इकडे न्यायला येतेय."