तिवरातून आलेली ओ

"डिओ मारून आलायस?" कमलेशने नाक मुरडलं. "अरे ऋतुराज, कोल्हा सोड, इथला डासपण पळेल ना!"

कोल्हा बोलवायला शिकण्याचा माझा हा पहिला दिवस. शिकारीचा प्रश्नच नव्हता. कोल्हा मारणं गुन्हा आहे आणि मला तेवढी हिंमतही नाही. मला फोटो हवा होता. पुढे खाडीचा चिखल, चिखलात कोल्हा आणि मागे पलीकडच्या टॉवरचे दिवे. बस. असा फोटो आपल्याकडे कोणी काढला नसेल, या विचाराने मला झोप येत नव्हती.

मी डोंबिवली पश्चिमेला राहतो आणि जुन्या इमारतींचं ऑडिट करतो. हातोडीने स्लॅब ठोकून बघायचा, आवाज पोकळ आला तर तसं लिहून द्यायचं. त्यामुळे जे वाजतं त्याला काहीतरी कारण असतंच, असं मानणारा मी माणूस. कमलेश मोठागावच्या पुढचा. त्याच्या घरच्यांची मिठागरं होती, आता तिथे इमारती आहेत आणि कमलेशकडे जेसीबी. पण खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीला पाणी शिरणारी दलदल, त्यातली तिवराची झाडं आणि ओहोटीला पाय कुठे टाकायचा, हे त्याला अजून पाठ आहे.

त्याने सगळं नीट शिकवलं. वारा आपल्या तोंडावर हवा. पाठ झाडाला टेकलेली हवी, म्हणजे आपली आकृती उठून दिसत नाही. आवाज थोडाच काढायचा आणि मग गप्प बसायचं, कारण जनावर त्या गप्प वेळातच येतं. ते सरळ येत नाही, वळसा घालून वास घ्यायला मागून येतं. तो स्वतः हाताच्या पाठीवर ओठ दाबून उंदरासारखं चिरकायचा. एकदा तेवढ्यावर तिवरात एक नाकाड दिसलंही, पण मी कॅमेरा उचलला आणि ते गेलं.

मी मात्र शहाणा. परदेशी व्हिडिओ बघून जखमी सशाचा आवाज आणला, स्पीकर विकत घेतला. संध्याकाळमागून संध्याकाळ ससा रडला, कोल्ह्याने ढुंकून पाहिलं नाही.

"इथल्या कोल्ह्याने ससा कुठे बघितलाय?" कमलेश हसत सुटला. "हे खेकडे खातात, आमच्या कोंबड्या नेतात. त्याच्या ओळखीचं काहीतरी आण."

ओळखीचं म्हणजे काय, ते मला घरीच सापडलं.

आमची शमिका तेव्हा पाच महिन्यांची होती. ती रडायला लागली की सोसायटीच्या गेटवर लोळणारी कुत्री कान टवकारून वर आमच्या खिडकीकडे बघायची. एकदा संचिता, माझी बायको, खाली भाजी आणायला गेली होती. शमिका उठली. भूक लागली होती, लंगोट ओला होता. मी रेकॉर्डर घेतला आणि पाळण्याजवळ बसलो.

मी तिला उचललं नाही. आधी ती कुरकुरली, मग रडली, मग माझ्याकडे बघून तिने दोन्ही हात वर केले. आवाज हवा तसा चढत नव्हता, म्हणून मी म्हटलं, अजून थोडं. तिचा चेहरा जांभळा झाला, श्वास अडकून अडकून यायला लागला. आत्ता कुठे छान येतंय, असं माझ्या मनात आलं. हे लिहितानाही माझी मान वर होत नाही. दाराची कडी वाजली तसं मी रेकॉर्डिंग बंद केलं, रडणं अगदी टिपेला असताना.

"अरे, घेत का नाहीस तिला? जिन्यापर्यंत ऐकू येतंय!"

"आत्ताच उठली गं," मी म्हटलं.

संचिताने तिला छातीशी धरलं. माझ्याकडे तिने संशयाने पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही खाजणात बसलो. ओहोटी लागली होती, चिखलावर निवट्या, चिखलातल्या त्या छोट्या मासळ्या, उड्या मारत होत्या. मी स्पीकर तिवराच्या मुळांत ठेवला आणि लांब येऊन बटण दाबलं.

कमलेशचा चेहराच उतरला. "हे काय लावलंस?"

"नेटवर मिळालं."

"बंद कर. तिन्हीसांजेला पोर रडत ठेवत नाहीत. आमच्यात घरात पोर रडलं ना, तर असेल तो हातातलं काम टाकून ओ देतो. म्हातारी, पाहुणा, कोणीपण. पोराला कोणाची तरी ओ मिळालीच पाहिजे."

"हे पोर नाहीये रे बाबा, आवाज आहे!"

तेवढ्यात कोल्हा आला. वळसा नाही, काही नाही, सरळ उघड्यावर. सोनेरी पाठ, काळ्या टोकाची शेपूट, मागे टॉवरचे दिवे. मी धडाधड फोटो काढले. पण तो स्पीकरकडे बघत नव्हता. तो खाडीच्या बाजूला, दाट तिवरात बघत होता. मग त्याने शेपूट पायांत घातली, पोट चिखलाला लावलं आणि सरपटत मागे गेला.

तिवरातून बाईचा आवाज आला.

"ओ... आले गं, आले."

मोठा नाही. घाईचा. हातातलं काम टाकून निघालेल्या बाईचा.

तिथे माणूस उभा राहूच शकत नाही. ओहोटीला तिथे कमरेएवढा चिखल असतो, हे मला कमलेशनेच सांगितलं होतं. तरी चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येत होता. चपक. चपक. स्पीकरपाशी येऊन थांबला.

आणि रडणं कमी झालं.

एकदम तुटलं नाही. उचलून घेतलेलं मूल कसं गप्प होतं? एक हुंदका, मग उचकी, मग लांब श्वास. तसं. माझं रेकॉर्डिंग टिपेला संपत होतं. त्यात हुंदका नव्हताच.

कमलेशने माझं मनगट पकडलं. गावाच्या दिव्यांपर्यंत त्याने मला तसंच ओढत आणलं. मग विचारलं, "खरं सांग, पोर कोणाचं होतं?"

मी बूट झटकत राहिलो. त्याला काय कळायचं ते कळलं. तो पचकन थुंकला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

घरी संचिता पाळण्याशी उभी होती. "मघाशी किती रडत होती रे! मी कणीक मळत होते, हात धुऊन येईपर्यंत आपोआप गप्प. बघ कशी हसतेय."

त्या दिवसापासून शमिका रडलेली नाही. भुकेला नाही, लस टोचताना नाही. शेजारणी म्हणतात, गुणाची गं बाई तुझी लेक. ती संचिताचं दूधही पीत नाही. बाटली नाही, चमचा नाही. पोट मात्र टम्म असतं. डॉक्टर म्हणतात, वजन छान वाढतंय, काळजी कसली करता?

संचिताची छाती दुखते. मोरीत उभी राहून ती दूध पिळून टाकते आणि रडते. काल म्हणाली, "मीच तिला नकोशी झालेय रे. काय चुकलं माझं?"

तेव्हा सांगायचं होतं. पण "काहीतरीच काय," म्हणालो. निर्लज्जपणाची कमाल.

आज संध्याकाळी संचिता देवळात गेली. मी पाळण्याजवळ गेलो. ही एकदा रडली, आणि मी तिला उचललं, की सगळं जागेवर येईल, असं मला वाटत होतं. मूल जन्मल्यावर रडावं म्हणून नर्स टिचकी मारतात, तशी मी तिच्या तळपायावर मारली.

मग अजून जोरात मारली.

तिचा ओठ थरथरला. मी म्हटलं, "रड ना गं, राणी. मी आहे. मी घेतो ना."

मी हात पुढे केले. तिनेही दोन्ही हात वर केले.

माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी, थोडं वर बघून.

मी तिला अजून शिवलोही नव्हतो. तिच्या दोन्ही काखांखाली झबल्याला चुण्या पडल्या, आणि डोकं हळूच उशीवरून वर उचललं गेलं.