आजोबा हलले

दुपारचं जेवण उरकून ती वेधशाळेच्या फाटकाशी आली, फोन बंद करून रखवालदाराच्या कपाटात ठेवला आणि तणतणत आत गेली. दुर्बिणीजवळ फोन चालत नाही; त्याच्या कलकलाटात आकाशातली कुजबुज बुडून जाते.

काम नेहमीचंच होतं. काही तासांत उजळणारे, मंदावणारे दूरचे रेडिओ स्रोत मोजायचे आणि दर दहा मिनिटांनी दुर्बीण एका कधीच न बदलणाऱ्या स्रोताकडे वळवून माप ताडून पाहायचं. त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. काही झालं तरी आजोबा हलत नाहीत; आलेखावर त्यांची रेघ सरळच.

तीन महिन्यांपूर्वी मात्र ते नऊ वेळा हलले होते. त्या दिवशी बाबांच्या छातीत दुखत होतं म्हणून तिने रजा मागितली, तर तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “दुर्बिणीची वेळ पुन्हा मिळत नाही.” संध्याकाळी फोन सुरू केला, तेव्हा बाबांच्या नऊ मिस्ड कॉलचे संदेश आले; तोवर बाबा गेले होते. आलेखातले नऊ उंचवटे त्या कॉलच्या वेळांशी मिनिटामिनिटाला जुळत होते. आणि आजोबांच्या त्या लहरी निघाल्या तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती.

“कुणाचा तरी फोन चालू राहिला असेल,” सर आजही म्हणाले. “ते बिंदू काढून टाक. शोधनिबंध अडकलाय तुझ्यापायी.”

“बाबांचे आहेत ते.”

“पुरे आता.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पडद्यावर आजोबा हलले.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. पंख्यांची घरघर एकदम मोठी वाटू लागली. दहा मिनिटांनी दुसरा उंचवटा आला, मग तिसरा. सरांच्या आईला सांभाळणारी बाई आज आली नव्हती. सकाळपासून ते त्यावरूनच कुरकुरत होते.

“सर... आई एकट्या आहेत ना? फाटकावर जाऊन फोन बघा.”

“काम अर्धवट टाकून? खराब डेटा आहे. काढून टाक.”

ती स्वतः धावत जाऊ शकली असती. पण राग तिला उठू देईना.

“काढते,” ती म्हणाली आणि एकेक बिंदू पुसू लागली.

पाचव्यानंतर आजोबा सरळ झाले. काही वेळाने रखवालदार सायकल टाकून दारात आला, कमरेला कपाटाची किल्ली.

“साहेब, घरी जा. शेजाऱ्यांचा ऑफिसात फोन आला... आई...”

दोघे धावत गेले. ती एकटी उरली. दुर्बीण पुन्हा वळली, उंचवटा आला, आणि या वेळी तो खाली उतरेना. तिचा फोन आणि घाईत राहिलेला सरांचा फोन, दोन्ही बंद होते, कुलपात होते.

कुणीतरी फोन उचलला होता.