लेकीसाठी मागितलेला कौल

गाडी दारात येऊन उभी राहिली, पण लीजूला कुणी उतरवलंच नाही!

मागच्या सीटवर उशीला टेकून ती बसून होती. समोर घराचं दार सताड उघडं, आणि आत, अगदी नजरेसमोर, पूर्वजांचा देव्हारा... ज्याच्यावरची एकेक नावाची पाटी ती वर्षानुवर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसत आली होती. शांतौ शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी मान हलवली होती, "आता घरी न्या. थोडेच दिवस आहेत." घरी न्या! किती सोपं वाटतं म्हणायला! पण कुणाच्या घरी?

"मी काय वाईट आहे का हो?" आतून भावजयीचा, मेइश्वेनचा, रडवेला आवाज आला. "ताईंनी आमच्यासाठी काय केलं ते मला दिसत नाही का? पण बिनलग्नाच्या लेकीने बापाच्या छपराखाली डोळे मिटले तर घराला भोगावं लागतं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना, आई? पोराची कॉलेजची परीक्षा तोंडावर आलीये. त्याचं काही वाकडं झालं तर?"

"डोंगरावरच्या मठात खोली बघून ठेवलीये मी," लीजूचा धाकटा भाऊ झिखाई म्हणाला. "स्वच्छ आहे. भिक्षुणी प्रेमाने बघतात. मी काही हे मानत नाही, आई... पण उगाच कशाला?"

मानत नाही म्हणे! शेंझेनच्या कारखान्यात मोठा इंजिनिअर, पक्षाचा सभासद, चारचौघांत छाती पुढे काढून देवाधर्माला हसणारा हा माणूस. आणि त्याच्याच गाडीच्या आरशाला देवळातला पिवळा ताईत लटकत होता! लीजूनेच आणून दिलेला.

झिखाई... तिचा झिखाई! वादळात वडिलांची होडी गेली तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता आणि ही सतरा वर्षांची. भट्टीवाल्यांच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, साखरपुड्याच्या लाल वड्यासुद्धा वाटून झाल्या होत्या. एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मी गेले तर याच्या तोंडात पेज कोण घालणार?" आणि भरतकामाची चौकट मांडीवर घेतली, ती डोळे अधू होईपर्यंत खाली ठेवली नाही. तो शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं... आणि ही माहेरातच म्हातारी झाली!

आमच्याकडे लेकीची पाटी सासरच्या देव्हाऱ्यात बसते. जिला सासरच नाही तिला पाटी नाही, धूप नाही, सणाला भाताचा वाडगा नाही. आणि शेवटचा श्वाससुद्धा माहेरच्या घरात सोडायचा नाही. हे काय लीजूला ठाऊक नव्हतं? आईचे गुडघे गेल्यापासून घरातली सगळी पूजा तिच्याच अंगावर होती. ज्यांच्या पंगतीत तिला कधीच जागा मिळणार नव्हती, त्यांना ती बदक शिजवून, त्यांच्या नावाने जाळायचे सोनेरी कागद दुमडून, हात जोडून वाढत आली होती! दैव हसत होतं की काय तिला? आज तिला दार उघडून पळायचं म्हटलं तरी पायांत त्राण नव्हतं, आणि पळून जायचं तरी कुठे?

"अगं, लीजू ना ती?" समोरच्या ओट्यावरून चहा गाळता गाळता शेजारच्या काकूंनी मान लांब केली. "गाडीत का बसून राहिलीस गं बाई?"

"वारा खातेय, काकू," लीजू हसून म्हणाली. काच मात्र जेमतेम बोटभर उघडी होती. घरातलं भांडण चव्हाट्यावर जायला नको, एवढीच धडपड... अजूनही!

काकू काय समजायचं ते समजल्या आणि आत निघून गेल्या. लीजूने काच खाली केली.

शेवटी आई बोलली. "तुमचंही नको, माझंही नको. पूर्वजांनाच विचारू. कौल मागते."

कौल म्हणजे या घरात शेवटचा शब्द. भिंतीला धरत आई देव्हाऱ्यापुढे गेली आणि न वळणारे गुडघे तिने फरशीवर टेकले. मेइश्वेन धावली, "आई, अहो, पडाल!" आईने तिचा हात झटकला. चंद्रकोरीच्या आकाराचे कौलाचे दोन लाकडी तुकडे तिने कपाळाला लावले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की पूर्वजांचा होकार. दोन्ही फुगीर वर, की नकार.

"माझ्या लीजूला घरात घेऊ का?"

खट्ट! दोन्ही फुगीर.

आईने पुन्हा उचलले. पुन्हा तेच. झिखाईने मान फिरवली. लीजूला रडूसुद्धा येईना. ती स्वतःशीच म्हणाली, ठीक आहे... बाबा, तुमचंही तसंच म्हणणं असेल तर ठीक आहे. तिने झिखाईला हाक मारायला तोंड उघडलं, गाडी फिरव म्हणून सांगायला.

तिसऱ्यांदा तुकडे पडले. दोन्ही फुगीर!

आई कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बोट पुढे केलं... आणि सगळ्यांदेखत त्यातला एक तुकडा उलटा केला.

"मिळाला कौल. आणा तिला आत."

"आई!" मेइश्वेन किंचाळली. "काय केलंत हे? पूर्वज... पाप..."

"लागू दे मला! पूर्वजांचे कागद जाळल्याशिवाय कधी जेवले नाही मी. सगळं त्यांच्या मनासारखं केलं." आईचा आवाज फाटला. "माझी लेक बत्तीस वर्षांची असताना शाळेतल्या मास्तरांचं स्थळ आलं होतं. तिला आवडला होता तो, माझ्यापासून काय लपतंय? कौल नकाराचा पडला, मी मुकाट परत पाठवलं त्यांना. तिला सांगितलंसुद्धा नाही, की त्यांनी विचारलं होतं. तेव्हाच उलटवायला हवा होता हा मेला तुकडा!"

मास्तर... विचारायला आले होते? दाराच्या कडीकडे गेलेला लीजूचा हात तसाच राहिला. ती जन्मभर समजत होती की तो आलाच नाही!

"लीजू, ऐकतेयस ना गं?" आई जमिनीवरूनच ओरडली. "शिव्या दे मला! पण आत ये. तुझ्या बापाशी मी वर गेल्यावर बघून घेईन. आणि ऐक रे झिखाई, या देव्हाऱ्यात हिची पाटी बसणार नसेल, तर माझीही बसवू नकोस. आम्ही दोघी जाऊ मठात!"

मेइश्वेन डोळे पुसत आतल्या खोलीत गेली आणि पलंगावरची चादर झटकल्याचा आवाज आला.

झिखाई धावत गाडीपाशी आला. दार उघडलं. तो तिच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत राहिला. "ताई, मी... मी खोली बघून आलो होतो गं..."

"वेडा आहेस," लीजू त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "उचल मला. आई खाली बसलीये, तिला एकटीला उठता येत नाही."