उस्तादांचं कुलूप

लाइट येईपर्यंत जागचं हलायचं नाही कुणी. मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करा आधी, डोळ्यांवर येतात. सांगतो. माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि तो काही थापाड्या नाही.

भाचा परदेशात लिफ्टचा मेकॅनिक होता. जोडीला उस्ताद. वयानं बरेच मोठे, पण आपली भाषा बोलणारे, म्हणून दोघं एकाच खोलीत राहायचे. मग ती महामारी आली आणि सगळं जागच्या जागी ठप्प झालं. विमानं बंद. इकडे भाच्याला मुलगी झाली होती, तिचं तोंड त्यानं फक्त फोनवर पाहिलेलं. मदतीच्या नंबरवर फोन लावला की तासभर बाजाच वाजत राहायचा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. साहेबाला विचारलं की एकच उत्तर, "बघू." त्या 'बघू'नं भाच्याचं डोकं असं फिरायचं की भिंतीला लाथा घालायचा. उस्ताद पडल्या पडल्या म्हणायचे, "बारक्या, भिंत तिकीट देत नाही रे."

पुढे उस्तादच आजारी पडले. एका उंच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून होते न होते तोच ताप चढला. अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्यांना तिथूनच उचलून घेऊन गेले. भाच्याला भेटू दिलं नाही की धड बातमी नाही. "उपचार चालू आहेत," एवढंच.

आता त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगतो. लिफ्ट वरखाली होते त्या शाफ्टमध्ये उतरायच्या आधी मेकॅनिक वर मशीनरूममधला मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. कुलूप लागलंय म्हणजे माणूस आत आहे. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. भाच्याला हे उस्तादांनीच शिकवलेलं, तेही एकदा कानाखाली जाळ काढून.

जून महिन्यातला पहिला शनिवार. रात्रीचे पावणेअकरा. साहेबाचा फोन आला. "तुझं नाव लागलंय विमानाला. पहाटे बस आहे. पण त्या इमारतीची लिफ्ट अजून बंदच आहे, लोक ओरडतायत. दुरुस्ती झालेली आहे, नुसतं कुलूप कापून चालू कर. मग पासपोर्ट घेऊन जा."

"साहेब, कुलूप उस्तादांचं आहे."

"मग बस इथंच."

भाच्यानं मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि करवत घेऊन निघाला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. इमारतीत पायऱ्या चढता चढता मास्कमधून घामाच्या धारा. वर मशीनरूममध्ये एकच पिवळा दिवा होता आणि स्विचला उस्तादांचं लाल कुलूप. त्यानं करवत टेकवली. तरी सवय ती सवय. जमिनीतली झडप उचलून खाली शाफ्टमध्ये ओरडला, "कोणी आहे का आत?"

ठक. ठक. ठक.

लोखंडावर पान्याचे तीन ठोके. ही त्या दोघांची खूण. म्हणजे, थांब, मी आत आहे.

त्याला भीती वाटली नाही बरं का. आनंद झाला. "उस्ताद! सुटलात कधी? आणि एवढ्या रात्री कामाला जुंपलं तुम्हाला?" साहेबाला फोन लावून तो तावातावानं बोलला, "बरा होऊन आलेल्या माणसाला लगेच शाफ्टमध्ये उतरवता? लाज वाटते का?"

साहेब म्हणाला, "कुणाला...? अरे, तो परवाच गेला. तुला सांगणारच होतो."

भाच्यानं करवत खाली ठेवली.

खालून पुन्हा... ठक. ठक. ठक.

पळून गेला असता कुणीही. पण पळाला तर पासपोर्ट नाही. कुलूप कापावं, तर आत माणूस आहे. बाहेर पहाट जवळ येत होती. भाचा तिथंच बसला, स्विचला पाठ लावून. आणि मग त्याचा बांध फुटला. इतक्या महिन्यांचा राग, सगळाच बाहेर पडला.

"उस्ताद, मला घरी जायचंय हो! पोरगी रांगायला लागली माझी. कंटाळलो मी. या ना बाहेर! तुम्हालाही जायचंच होतं ना घरी? चला... बरोबर जाऊ."

मग भिंतीतल्या लोखंडी पायरीवर पाय वाजला. एक. थांबला. दुसरा. हळूहळू. दमेकऱ्यासारखा. वर... आणखी वर...

झडपेपाशी आला.

भाच्यानं डोळे गच्च मिटले. अंगावरून थंड हवा गेली. पाठीमागे, अगदी कानाजवळ...

खट्.

डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. कुलूप उघडं लोंबत होतं. किल्ली नव्हती. ती उस्तादांबरोबर गेली होती, ती गेलीच.

लिफ्ट चालू झाली. पासपोर्ट मिळाला, बस मिळाली. लेकीला छातीशी धरून तो हमसून हमसून रडला. मग ते उघडं कुलूप घेऊन उस्तादांच्या घरी गेला. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकट्याच राहतात. म्हणाला, "वहिनी, त्यांचं एवढंच आणता आलं." त्यांनी ते दाराच्या आतल्या कड्यात तसंच उघडं अडकवलं, दाराला खीळ घातली आणि झोपल्या.

सकाळी पाहतात तर... कुलूप बंद.

मी स्वतः पाहून आलोय. आजही तसंच आहे. म्हटलं, "वहिनी, कापून देऊ का?"

"नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माणूस आत आहे."