माळावरचे चालते दगड

“हात घालू नको रे! आधी काठीनं उलथ!”

महानंदा ओरडेपर्यंत भुजंगनं दगड उलथलाही होता. खालच्या उघड्या मातीत वाळवी सैरावैरा पळाली आणि एक पिवळा विंचू नांगी उगारून उभा राहिला. देविदास दोन उड्या मागे गेला.

“नांदेडला विंचू नसतेत का?” भुजंगनं विचारलं.

“असतात. पण मला भेटायला येत नाहीत!”

महानंदा सातवीत, भुजंग तिचा धाकटा भाऊ. देविदास त्यांचा आतेभाऊ. मे महिन्याच्या सुटीसाठी तो देवणीजवळच्या चिंचाळीत आला होता. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पावसानं दगा दिलेला, विहिरींनी तळ गाठलेला. पोहायचं नाही, डुंबायचं नाही, मग गायरानावर विंचू शोधण्याशिवाय पोरांनी करायचं तरी काय?

धापा टाकत देविदास गायरानाच्या हद्दीच्या दगडाला टेकला. तो भलामोठा दगड चक्क डुगडुगला!

“अरे, हा हलून राहिला!”

तिघांनी जोर लावला. दगड कलला. खाली पिवळं, चेपलेलं गवत होतं.

“थांबा थांबा!” महानंदा उकिडवी बसली. “सकाळपासून इतके दगड उलथले, एकाखाली तरी गवत होतं का? ह्यो दगड इथला न्हाईच. कुणीतरी परवा-तेरवा आणून ठेवलाय!”

पुढचा दगडही तसाच निघाला. त्याच्या पुढचाही! सगळी हद्दच गायरानात सरकली होती.

“ए! कोण हाय रं तिकडं? पळा!”

शेळ्या राखणारी नागुबाई हातवारे करत धावत आली. एरवी पोरांना बोरं देणारी ही बाई आज एवढी का चिडली? तिघं पळाली खरी, पण एका बाभळीआड दडून बसली.

“शेळ्या पार लांब, आणि बाई इथं उन्हात उभी,” देविदास कुजबुजला. “काय लपवून राहिली ती?”

“दगड तिनंच सरकवले असतेल!” भुजंग म्हणाला.

“शेळीवाली स्वतःचं गायरान कमी करंल का? पण कायतरी लपवायली, हे नक्की,” महानंदा म्हणाली.

तिघं सरपटत पुढे निघाली. तेवढ्यात समोरच्या खुरट्या गवतातून एक उंच, लांब मानेचं पाखरू उठलं आणि ऐटीत चालत दूर गेलं. माळढोक! देविदासनं तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण त्याला नीट बघताही आलं नाही, कारण नागुबाईनं मागून त्याचा कान धरला होता.

“ऐकायचंच न्हाई व्हय? बघा मग. लांबूनच!”

उघड्या जमिनीवर एकच मोठं, मातकट अंडं होतं.

“ही एकच अंडं घालती रे लेकरांनो. म्हणून शेळ्या लांब ठेवल्या. पण उद्या व्यंकटराव इथं नांगर घालणार. जमीन माझी म्हणतेत, दगड दाखवतेत. नव्या जिल्ह्याची मोजणी यायली, तवर नांगरून घेणार. माझं कोण ऐकतंय?”

महानंदाला संताप आला. स्वतःच्या जमिनीला लागून असलेलं गायरान गिळायला हा माणूस अंड्यावरून नांगर फिरवणार!

“व्यंकटकाकाला चोर म्हणलं तर आपल्यालाच मार बसंल,” ती म्हणाली. “म्हणायचंच न्हाई. नुसतं विचारायचं. आन् सगळ्यांसमोर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव बैल आणि नांगर घेऊन हजर झाले. पाठोपाठ पोरं सरपंच माणिकप्पांना ओढतच घेऊन आली. काय तमाशा आहे ते बघायला मागून निम्मं गाव आलं.

“काका, हे दगड कवाचे हो?” महानंदानं साळसूदपणे विचारलं.

“निजामाच्या काळातले!” व्यंकटराव फुशारले. “माझ्या आज्यासमोर रोवलेले. तवापासून कुणी बोट लावलं न्हाई!”

“कुणीच न्हाई?”

“न्हाई म्हणतो ना!”

“मग अप्पा, एक उलथून बघा की!” भुजंग ओरडला.

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. “उगं कशाला...” असं ते म्हणेपर्यंत चार गड्यांनी दगड आडवा केला होता. खाली चेपलेलं गवत!

“निजामाच्या काळातलं गवत अजून टिकलंय की!” देविदास म्हणाला.

सगळ्यांत आधी हसला तो व्यंकटरावांचा स्वतःचा गडी. माणिकप्पा मात्र हसले नाहीत.

“व्यंकटराव, बैल आणलेच हायत तर दगड ओढून जागेवर न्या. आत्ता, माझ्यासमोर.”

“अप्पा, एका पाखरासाठी...”

“पाखराचं बी गायरान हाय अन् गावाचं बी. तुमचं न्हाई.” मग पोरांकडे वळून ते म्हणाले, “शाबास रे! आम्ही रोज इथून जातो, पण कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.”

देविदासची छाती फुगली. गर्दी पांगल्यावर नागुबाई पोरांजवळ आली आणि मटकन खाली बसली.

“चार घास निवांत खाऊन येते,” ती म्हणाली. “तवर तुम्ही राखा.”

आजवर तिनं हे काम कुणालाच दिलं नव्हतं. सरपंचांच्या शाबासकीनंही झाला नव्हता एवढा आनंद महानंदाला झाला. तिघं दूर जाऊन गपगार बसली. बऱ्याच वेळानं माळढोकाची मादी गवतातून चालत आली, इकडेतिकडे बघत थबकली आणि हलकेच अंड्यावर बसली.