रिकाम्या खोलीतलं गवत

"शू… हलू नका. प्लीज, एकच मिनिट."

अंधाऱ्या बोळात पाठीमागून असा आवाज आला, तर चांगली धीट मुलगीही किंचाळेल. मी किंचाळले नाही, कारण माझी बोबडीच वळली होती. एक पाय उचललेला, काखेत प्रोजेक्टर… आणि भिंतीशी एक मुलगा मांडी घालून बसलेला, कानांवर हेडफोन, पुढ्यात मायक्रोफोन, डोळे मिटलेले.

मिनिट संपलं. त्याने डोळे उघडले आणि हसला.

"झालं. आता पाय खाली ठेवलास तरी चालेल."

"काय झालं?"

"या बोळाची शांतता. रेकॉर्ड केली."

"शांतता कसली रेकॉर्ड करायची? ती सगळीकडे सारखीच."

"छे! प्रत्येक जागेची वेगळी असते. आणि आता या बोळाच्या शांततेत तुझा श्वासही आला. फार जोरात घेतेस. भित्री आहेस का?"

"मुळीच नाही."

"मग पाय अजून वर कसा?"

पाय खरंच वर होता.

तो आमच्याच कॉलेजातला, पलीकडच्या इमारतीत ध्वनी शिकलेला. गाता येत नसे, पण पंखा कुठल्या सुरात फिरतोय ते सांगायचा, म्हणून त्याचा सगळा वर्ग त्याला कानसेन म्हणे. मला त्याने त्याच दिवशी भागूबाई करून टाकलं. भित्री भागूबाईतली. मी रागावल्यासारखं केलं… आणि घरी जाऊन आरशासमोर ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

खोटं कशाला सांगू? मी भित्रीच आहे. अंधाराला भिते, लिफ्टला भिते, अनोळखी नंबरच्या फोनला भिते. आणि डिजिटल आर्टची पदवी हातात पडल्यापासून सोमवारला भीत होते. दर सोमवारी आमच्या विभागाचं बातमीपत्र ईमेलवर यायचं, 'बातम्या आणि संधी'. बातम्या म्हणजे दुसऱ्यांच्या. कुणी अॅनिमेशनच्या स्टुडिओत लागलं, कुणाची फिल्म कुठे निवडली गेली. संधी म्हणजे आमच्या, आणि त्यांची मुदत बहुतेक वेळा शुक्रवारीच संपलेली असायची. बाबा चहाच्या कपामागून विचारायचे, "काय म्हणतं बातमीपत्र?" आत्या तर सरळ म्हणायची, "एवढं कॉम्प्युटरचं शिकलीस ना, मग माझ्या मोबाईलमधले हे हललेले फोटो तेवढे नीट करून दे." चार वर्षांच्या शिक्षणाचा तिच्या लेखी एवढाच उपयोग होता.

आणि मग एका सोमवारी ती संधी आली. परगावचा एक स्टुडिओ. संग्रहालयांसाठी हलत्या भिंती, बोलत्या खोल्या बनवणारा. त्यांना नुकताच शिकून बाहेर पडलेला एक जण हवा होता. एकच. त्यांची दोन माणसं कॉलेजातल्या आमच्या पदवीधरांच्या प्रदर्शनाला येणार, काम बघणार, त्यातूनच निवडणार.

"मलाही तीच जागा हवीय," कानसेनने कँटीनमध्ये सांगून टाकलं.

"म्हणजे आपण शत्रू?"

"शत्रूला कुणी अर्धं बिस्किट देतं का?" त्याने ते माझ्या बशीत ठेवलं.

मी हसले खरी, पण त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली. जागा मिळाली नाही तर माझं काय, ही जुनी भीती. आणि त्याला मिळाली तर तो जाईल, ही नवी. दुसरी पहिलीपेक्षा मोठी का वाटते, ते स्वतःला विचारायचीही मला भीती वाटत होती.

माझं काम म्हणजे एक भिंत. भिंतीवर मी काढलेलं उंच गवत, हळूहळू डुलणारं. समोर कुणी आलं की त्या माणसाच्या आकाराएवढं गवत वाकायचं, जणू तो त्यातूनच चाललाय. यात जादू काही नाही. कॅमेऱ्याला आधी रिकाम्या खोलीचा एक फोटो काढून द्यायचा. मग त्या फोटोहून जे वेगळं दिसेल, तिथे गवत वाकवायचं. म्हणून फोटो काढताना खोलीत चिटपाखरूही नको. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असलेला नियम.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी तो फोटो काढला. खिडक्यांना काळे पडदे, खोलीत मिट्ट अंधार. कॅमेऱ्याला अंधारात दिसतं, मला नाही. मी दाराजवळच्या पडद्यामागे कॉम्प्युटरपाशी बसले, धीर यावा म्हणून स्वतःशी बडबडत बटण दाबलं, पडद्याबाहेर हात काढून स्क्रीनवर गवत वाकतंय एवढं बघितलं आणि उजेडात पळाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पांढऱ्या, आखूड केसांच्या एक बाई आणि जाड चष्म्याचे एक गृहस्थ. मी मशीन चालू केलं. गवत उगवलं, डुलू लागलं… आणि कोपऱ्यात, खांबाशेजारी, ते वाकलं. वाकलेलंच राहिलं. कुणीतरी तिथे शांत बसलंय, अशा आकारात.

"तिथे कोण आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि दाराकडे सरकले. कारण तिथे एक रिकामं स्टूल होतं, बाकी खरंच कुणी नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो असा भर प्रदर्शनात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. भूत नाही, फोटो! काल मी बटण दाबलं तेव्हा त्या अंधारात कुणीतरी बसलेलं होतं. माझ्या कॅमेऱ्याने त्याच्यासकट खोलीला 'रिकामी' मानलं. आता तो माणूस तिथे नाही, म्हणून तिथे फरक दिसतोय, म्हणून गवत वाकतंय. नवा फोटो काढायचा तर पाहुण्यांना बाहेर काढून सगळं पुन्हा सुरू करायला हवं. संपलं. एकुलती एक संधी, आणि मी खोलीत माणूस आहे की नाही एवढंही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कानसेन डोकावला. त्याने भिंतीकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे… आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. तो कोपऱ्यात गेला, स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले.

गवत सरळ झालं.

"वा!" गृहस्थ म्हणाले आणि लहान पोरासारखे गवतातून फिरायला लागले.

माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच बाईंनी विचारलं, "शेजारची खोली कुणाची?"

"याची."

"मग हा इथे का बसलाय?"

काय सांगणार? तो उठला तर गवत पुन्हा बसणार. कानसेन ओठ न हलवता पुटपुटला, "तू दाखव जाऊन."

"मी? मला बोलता येत नाही लोकांसमोर!"

"भागूबाई… जा ना."

गेले. त्याच्या खोलीत एक खुर्ची, हेडफोन आणि बटणांची एक ओळ. बटणागणिक एका जागेची शांतता. परीक्षेनंतरचा वर्ग. दवाखान्यातला बाकडा. बाळ नुकतंच झोपलंय ते घर. माझा आवाज आधी थरथरला, मग मी त्याचं काम सांगतेय हे आठवलं आणि तो सावरला. स्वतःच्या कामाबद्दल मी कधी इतकं बोलले नव्हते. बाई डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"आणि हे?" त्यांनी शेवटच्या बटणावर बोट ठेवलं. त्यावर चिकटपट्टी होती. 'नादुरुस्त'.

"थांबा, आधी मी बघते." मी हेडफोन लावले, बटण दाबलं.

माझ्याच खोलीची शांतता होती ती. पडद्याची सळसळ, कॉम्प्युटरचा पंखा… आणि माझा आवाज. "घाबरू नको, घाबरू नको. कानसेन इथे असता ना, तर एवढी भीती वाटली नसती. तो असला की वाटतच नाही मला. काय करावं बाई…"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "शांतता नाहीये ही. मध्ये कुणीतरी बोलतंय."

"कोण?"

"…मी."

त्यांनी हेडफोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "तो तिथे तुझ्यासाठी अडकलाय, तू इथे त्याच्यासाठी. तुम्ही दोघं आपापलं काम कधी करता?"

पाहुणे गेले. मी परत आले तर हा तसाच, डोळे मिटून.

"उठू का आता?"

"नको," मी म्हणाले. "काल इथेच होतास?"

"तुझ्या खोलीची शांतता घेत होतो. सकाळी सांगितलं होतं, दुपारी येईन म्हणून; तू प्रोजेक्टरशी झगडत होतीस, ऐकलं नसशील. आणि मग तू बोलायला लागलीस…" त्याने एक डोळा उघडला. "ऐकलंस ते?"

"ऐकलं. न विचारता कसं ठेवलंस?"

"पुसायला बसलो होतो. हात धजेना. तुला विचारायची तर भीतीच वाटली."

"तुला? भीती?"

"मग! भीतीचा मक्ता काय तू एकटीने घेतलायस?" त्याने दुसराही डोळा उघडला. "मलाही तू असलीस की बरं वाटतं. फार… फार बरं वाटतं."

मी त्याच्या स्टुलाशेजारी खाली बसले. भिंतीवर माझ्या एकटीपुरतंच गवत वाकलं. पण माझा हात त्याच्या हातात होता, हे त्या कॅमेऱ्याला कुठून कळणार?

सोमवारी बातमीपत्र आलं. जागा त्याला मिळाली होती. 'शेजारच्या कलाकाराने करून दिलेली ओळख विशेष आवडली,' असंही कुणीतरी लिहिलं होतं. मला आनंद झाला आणि मी रडले. दोन्ही खरं. बाबांनी काही न विचारता माझा चहा पुन्हा गरम करून आणला.

तो गेला. प्रदर्शन अजून महिनाभर चालणार होतं. रिकाम्या खोलीचा नवा फोटो काढणं पाच मिनिटांचं काम, ते मी केलं नाही. रोज सकाळी मशीन लावलं की कोपऱ्यातलं गवत खाली बसायचं. लोक विचारायचे, इथे कोण? मी सांगायचे, जागा राखून ठेवलीय.

त्याचे फोन आधी लांब होते, मग आखूड झाले. "मीटिंग आहे, नंतर बोलतो." नंतर म्हणजे परवा. आता बातम्या त्याच्या होत्या. मी 'अभिनंदन' टाइप करून पुसायचे. अंधाराची भीती परवडली, ही भीती वेगळी होती. माणूस एवढासा होत जातो आणि एक दिवस नुसती बातमी होतो, याची.

शेवटचा दिवस. सगळे गेले होते, सामान बांधायचं होतं. दाराकडे पाठ करून मी भिंतीसमोर उभी राहिले. हा आकार एकदा नीट बघायचा आणि बंद करायचं.

कोपऱ्यातलं एक पातं हललं. मग शेजारचं. आणि बसलेलं सगळं गवत हळूहळू उभं राहिलं.

मशीन बिघडलं, हा पहिला विचार. मग दुसरा आला. तो नसला की गवत वाकतं. आणि असला की…

मागे वळायचा धीर होईना. वळले आणि बिघाडच निघाला तर?

"भागूबाई, अजूनही श्वास जोरातच घेतेस."

या वेळी मात्र मी किंचाळले. स्टुलावर, हात गुडघ्यांवर ठेवून, प्रवासाने चुरगळलेला तो बसला होता. मी इतक्या जोरात धावत गेले की स्टूल कलंडलं आणि भिंतभर गवताची दाणादाण उडाली.

"ऐक," तो माझ्या केसांत म्हणाला, "सोमवारच्या पत्रात आणखी एक जागा येणारेय आमच्याकडची. बाई विचारत होत्या, ती गवतवाली अर्ज करेल का म्हणून."

"नाही मिळाली तर?"

"तर मी येत राहीन. करशील?"

"भीती वाटते."

"वाटू दे की. करशील?"

"करीन," मी म्हणाले.

त्याने बॅगेतून मायक्रोफोन काढून जमिनीवर ठेवला. "शू… आता हलू नकोस. एकच मिनिट."

"हे काय आता?"

"ते नादुरुस्त बटण. या वेळी विचारून. चालेल?"

मी मान हलवली, त्याचा हात घट्ट धरला आणि मुद्दाम जोरात श्वास घेतला.